काचतंतूंची काठी

"हिला घाई चालत नाही वाटतं," गोव्यातल्या दिवाडी बेटावर मानशीजवळ, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराजवळ, गळ टाकून बसलेले काका आज म्हणाले. माझ्या हातात जुना फायबरग्लासचा, म्हणजे काचतंतूंचा, फ्लाय रॉड होता: फ्लाय फिशिंगची मासे धरायची काठी.

किती अचूक पाहिलं त्यांनी! फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणून नकली माशी असते, त्यामुळे गळाला वजन जवळजवळ नसतंच, फेकायची असते ती वजनदार दोरी. ती मागे नेली की सरळ होईपर्यंत थांबायचं, मगच हात पुढे. ग्रॅफाइटचा (कार्बन तंतूंचा) ताठ रॉड झटकन परततो. हा मात्र पार मुठीपर्यंत वाकतो, सावकाश उलगडतो, आणि मासा लागला की त्याचा प्रत्येक हिसका तळहातात उतरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या रॉडांनी बांबूची जागा घेतली. १९७३ साली फेनविक या अमेरिकन कंपनीने ग्रॅफाइटचा रॉड आणला, आणि हळूहळू हे अडगळीत गेले.

खाडीचा वारा कापून लांब फेकायचं असेल तर ग्रॅफाइटच घ्या, वाद नाही. पण चोणक, तांबोशी हे मासे खारफुटीच्या मुळांशी दबा धरून असतात. तिथे जवळची, हलकी फेक लागते, आणि त्या फेकीचं जे सुख ही काठी देते ते मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

तुमच्याकडे कुणाच्या माळ्यावर अशी एखादी पडून आहे का?