अर्धा इंच

माझा चरितार्थ बांधकाम व्यावसायिकांसाठी केलेल्या इमारतींच्या प्रतिकृतींवर चालतो. मोटारींच्या प्रतिकृती वर्षाकाठी तीन-चारच होतात, पण जीव त्यांच्यात असतो. गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या होटगी रस्त्यावरचे एक सत्तरीचे गृहस्थ एकोणीस छायाचित्रे घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या धाकट्या भावाने कॅलिफोर्नियात असताना, नोकरी सांभाळून, स्वतःच्या हाताने एक हॉट रॉड बांधली होती. भाऊ आता हयात नाहीत, गाडीही केव्हाच विकली गेली. काकांना ती हुबेहूब हवी होती.

जुनी, हलकी मोटार घ्यायची, तिचे मडगार्ड उतरवायचे, छत कापून खाली आणायचे आणि इंजिनाची ताकद वाढवायची, म्हणजे हॉट रॉड झाली. कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रांत तरुण मुले या गाड्यांच्या वेगाची परीक्षा घेत असत. त्यांत 1932 च्या फोर्डला मान मोठा, कारण सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या किमतीत व्ही-आठ, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकारात आठ सिलिंडर असलेले इंजिन पहिल्यांदा याच गाडीने दिले. ते 221 घनइंचांचे आणि 65 अश्वशक्तीचे होते. काकांच्या भावाची गाडी याच वर्षाची, पाच खिडक्यांची कूपे, म्हणजे दोन दारांची बंद गाडी होती.

मी 1:25 प्रमाणात काम करतो. मूळ गाडीच्या दोन आसांमधले अंतर 106 इंच असते, ते माझ्या टेबलावर 107.7 मिलिमीटर होते. तयार किटमधून मी बॉडीचा सांगाडा, चाके आणि इंजिनाचा मुख्य ठोकळा एवढेच घेतो. या फोर्डच्या पुढच्या आसावर आडवा पाटा, म्हणजे पोलादी पानांची स्प्रिंग असते. त्याच्या पानांसाठी मी यंत्रमागवाल्यांकडून मागाच्या मोडक्या फणीतल्या पोलादी पात्या आणतो, कारण प्लास्टिकच्या पानाला तो ताठपणा आणि ती कड कधीच येत नाही. स्पार्क प्लगच्या वायरींसाठी मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची तांब्याची बारीक तार रंगवून घेतो आणि ती 1-5-4-8-6-3-7-2 या प्रज्वलनक्रमानेच, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात त्याच क्रमाने ओढतो. अलीकडे बरेच जण त्रिमितीय छपाईवर इंजिन काढून त्यावर वायरी मनाला येतील तशा चिकटवतात आणि त्याला प्रतिकृती म्हणून विकतात. ज्याला गाडी कशी चालते हे जाणून घ्यायचे नाही, त्याने ती बनवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत अवघड काम छताचे. भावाने छत तीन इंच कापले होते, म्हणजे माझ्या मापात 3.05 मिलिमीटर. आकडा सोपा वाटतो, परंतु या गाडीचे छत वर जाताना निमुळते होत जाते, त्यामुळे खांबांतला तुकडा काढून छत खाली टेकवले की वरचे खांब खालच्या खांबांच्या आत पडतात. मग छत मधोमध उभे-आडवे कापून चार तुकडे थोडे पसरवावे लागतात आणि मधल्या फटी भरून घ्याव्या लागतात. मूळ गाडीतही छताचा मधला भाग पत्र्याचा नसून कापडी होता, तो हॉट रॉड बांधणाऱ्यांना पत्रा जोडून बंद करावा लागे. भावाने घातलेला पत्र्याचा जोड एका छायाचित्रात रंग देण्याआधीचा, वेल्डिंगच्या काळ्या डागांसह दिसतो. त्या छायाचित्रासमोर मी कितीतरी वेळ बसलो होतो.

रंगकामाबद्दल थोडक्यात सांगतो. सोलापुरात मे महिन्यात लॅकर बॉडीवर पोचण्याआधीच हवेत सुकते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्यातच शेजारच्या यंत्रमागांचा कापसाचा तंतू कुठून तरी येऊन नेमका छतावर बसतो. म्हणून मी पहाटे साडेचारला फरशी ओली करून फवारणी केली. गडद मरून रंगाचे सहा हात दिले.

काका रविवारी सकाळी आले. त्यांनी गाडी हातात न घेता टेबलाभोवती फिरून पाहिली, मागच्या बाजूला थांबले आणि बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "फार सुंदर झाली आहे. पण अण्णाच्या गाडीचं छत डावीकडं जरा झुकलेलं होतं की हो."

उजवी बाजू जोडून, काच बसवून झाल्यावर डावीकडे अर्धा इंच जास्त कापला गेला होता. भावाने तेव्हा फोन करून ते सांगितले होते. "म्हणाला, शाळेत सुतारकामाच्या तासाला माझं असंच व्हायचं, आठवतं का? आणि तसंच ठेवलं त्यानं."

मी छायाचित्रे पुन्हा काढली. मागून घेतलेल्या तिन्ही चित्रांत तो झुकाव होता. मला तो पहिल्या दिवशीच दिसला होता. लोक फोन गाडीच्या नाकाशी नेऊन छायाचित्रे काढतात आणि सगळ्या रेषा वाकड्या होतात, याचा मला वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. म्हणून मी नव्या ग्राहकाला वीस फूट मागे उभे राहून, गाडीला मोजपट्टी लावून छायाचित्र काढायला सांगतो. इथेही भिंगाचाच दोष धरून मी दोन्ही बाजूंची सरासरी काढली आणि छत सरळ केले. ज्या माणसाने ते वाकडे केले आणि जाणूनबुजून तसेच ठेवले, त्याचे काम मी दुरुस्त करून टाकले होते.

काकांनी बदल मागितला नव्हता, उलट उरलेले पैसे पुढे केले. मी ते घेतले नाहीत. अर्धा इंच म्हणजे माझ्या मापात 0.5 मिलिमीटर. डावीकडचे खांब 0.2 मिलिमीटर जाडीच्या करवतीने कापले, तेवढे माप करवतीच्या पात्यानेच खाल्ले. उरलेले 0.3 पाणकागदावर घासून काढले. दाराची आणि मागची अशा दोन काचा नव्याने कापल्या आणि सगळे छत पुन्हा रंगवले. आता मागून पाहिले की डावी खिडकी किंचित मिटल्यासारखी वाटते.

पण सातव्या छायाचित्रात उजव्या दाराखालची फट मागे जाता जाता रुंदावलेली दिसते. ती भिंगामुळे आहे की भावाच्या हाताची, हे मला ठरवता येत नाही. काकांना फोन केला, ते म्हणाले, "दाराचं काही बोलला नव्हता तो." इतर दोन चित्रांत उजवे दार उघडे आहे आणि बाकीच्यांत ती बाजूच आलेली नाही. दार मी अजून चिकटवलेले नाही. काका येत्या रविवारी येणार आहेत.