नऊ मिलिमीटरचा फरक : नोकिया ई७१ आणि ब्लॅकबेरी बोल्ड ९०००

बटणांचा कीबोर्ड असलेला एखादा जुना फोन केवळ टिपणे लिहिण्यासाठी घ्यायचा असेल तर कोणता घ्यावा, असे मध्यंतरी एका मित्राने विचारले, आणि मी विचार न करता दोन नावे सांगून मोकळा झालो. त्यापुढचा प्रश्न अवघड होता : या दोहोंतला कोणता? दोन्ही फोन मी काही वर्षे आलटूनपालटून वापरले आहेत, दोन्ही अजून सुरू होतात, तरी त्याला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. म्हणून हे लिहीत आहे.

नोकिया ई७१ आणि ब्लॅकबेरी बोल्ड ९००० हे दोन्ही फोन २००८ सालचे. दोन्हींची लांबी नेमकी सारखी, म्हणजे ११४ मिलिमीटर, आहे. रुंदी मात्र नोकियाची ५७ मिलिमीटर आणि बोल्डची ६६ मिलिमीटर. नऊ मिलिमीटर म्हणजे बोटाच्या नखाएवढेही अंतर नव्हे, पण या दोन फोनांविषयी माझी जी मते बनली आहेत त्यांतली बरीचशी याच अंतरातून निघाली आहेत.

कीबोर्डच्या एका ओळीत दहा अक्षरे बसवायची असतात. ई७१मध्ये दोन्ही कडांची जागा सोडली तर प्रत्येक बटणाच्या वाट्याला जेमतेम पाच मिलिमीटर येतात, आणि एवढ्या अरुंद जागेत अंगठा शेजारच्या बटणावर जाऊ नये यासाठी नोकियाने प्रत्येक बटण सुटे ठेवून त्याला मधोमध फुगवटा दिला आहे. अंगठ्याचे टोक त्या फुगवट्यावर टेकते आणि बाजूची बटणे आपोआप खालच्या पातळीवर राहतात. बोल्डचा विचार उलटा आहे. तिथे एका ओळीतली बटणे एकमेकांना चिकटून आहेत, मध्ये फट नाही. त्याऐवजी प्रत्येक बटणाला एका बाजूला उतार दिलेला आहे, आणि डाव्या व उजव्या अर्ध्या भागांतले उतार परस्परांच्या विरुद्ध दिशेचे आहेत, कारण दोन्ही अंगठे खालच्या कोपऱ्यांतून तिरके येतात. ओळी वेगळ्या कळाव्यात म्हणून त्यांच्यामध्ये धातूसारख्या चकचकीत पट्ट्या आहेत, गिटारच्या दांड्यावर असतात तशा. त्या पट्ट्या दिसायला केवळ शोभेच्या वाटतात, पण न पाहता लिहिताना आपण कोणत्या ओळीवर आहोत हे अंगठ्याला त्यांच्यावरूनच समजते.

मी एकच लांबलचक परिच्छेद दोन्हींवर लिहून पाहिला. बोल्डवर चुका स्पष्टपणे कमी झाल्या आणि, जे मला जास्त महत्त्वाचे वाटते, झालेली चूक पडद्याकडे न पाहताही जाणवली. बटण पूर्ण दबले की नाही हे बोल्ड बोटाला नेमके सांगतो. ई७१चे बटण थोडे कडक आहे आणि त्याचा प्रवास कमी आहे, त्यामुळे अर्ध्या तासाच्या लिखाणानंतर अंगठे अवघडतात. इथवर वाचून निकाल लागला असे वाटेल, पण उभ्याने, दुसऱ्या हातात पिशवी किंवा छत्री धरून लिहायची वेळ आली की पारडे पूर्ण फिरते. ई७१ एका हाताच्या तळव्यात बसतो आणि त्याच हाताचा अंगठा डावीकडच्या टोकाच्या अक्षरापासून उजवीकडच्या टोकापर्यंत पोहोचतो. बोल्डवर तसे करायला गेले की फोन हातात फिरवावा लागतो, आणि कधीतरी तो पडतो. बोल्ड हा दोन हातांनी धरायचा फोन आहे. तो तसा धरला नाही तर त्याच्या उतारांचा काहीच उपयोग होत नाही.

आकड्यांची जागाही दोघांनी वेगवेगळी निवडली. ई७१मध्ये एक ते नऊ हे आकडे कीबोर्डच्या मधोमध, म्हणजे आर, टी, वाय आणि त्यांच्या खालच्या अक्षरांवर आहेत. बोल्डमध्ये ते डावीकडे, डब्ल्यू, ई, आर पासून सुरू होतात. दिवसभर फोन नंबर लावणाऱ्या माणसाला हा फरक अक्षरांच्या आकारापेक्षा मोठा वाटेल. मला डावीकडची मांडणी कधीच अंगवळणी पडली नाही, आणि याचे कारण मी उजव्या हाताने नंबर लावतो यापलीकडे काही नसावे.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. कीबोर्ड चांगला की वाईट हे फक्त बटणांच्या घडणीवरून ठरत नाही. बटण दाबल्यावर आतली प्रणाली त्याचे काय करते यावरून ते अधिक ठरते, आणि तुलना करणारे बहुतेक जण हा भाग दोन ओळींत उरकतात. ब्लॅकबेरीच्या प्रणालीत अक्षरे केवळ लिहिण्यासाठी नव्हती. संदेशांच्या यादीत टी दाबले की सर्वांत वर, बी दाबले की सर्वांत खाली, यू दाबले की पुढच्या न वाचलेल्या संदेशावर आणि सी दाबले की नवा संदेश. उघडलेल्या पत्रावर आर म्हणजे उत्तर आणि एफ म्हणजे पुढे पाठवणे. कोणतेही अक्षर थोडा वेळ दाबून धरले की ते मोठे होते, त्यामुळे शिफ्टकडे जावेच लागत नाही. स्पेस दोनदा दाबली की पूर्णविराम पडतो. ई-मेलचा पत्ता लिहिताना तर कमालच होती : पहिली स्पेस दाबली की आपोआप ॲटचे चिन्ह येते आणि पुढची दाबली की टिंब. ही युक्ती ज्याला सुचली त्याने नक्कीच स्वतः शेकडो पत्ते लिहिले असणार.

ई७१ची एस६० प्रणाली मुळात आकड्यांच्या कीबोर्डसाठी घडवलेली होती आणि तिच्यावर पूर्ण कीबोर्ड नंतर बसवला गेला, हे वापरताना सतत जाणवते. मेन्यूंत शिरावे लागते, पर्यायांची यादी उघडावी लागते, मग निवडावे लागते. तरी नोकियाने दोन गोष्टी फार विचारपूर्वक केल्या. एक म्हणजे कंट्रोलचे बटण. कॉपी आणि पेस्ट संगणकावर जसे होते तसेच इथे होते. दुसरी म्हणजे पडद्याखालची चार बटणे : मुख्य मेन्यू, दिनदर्शिका, संपर्क आणि पत्रे. दिनदर्शिकेचे बटण दाबले की दिनदर्शिका उघडते, पण तेच दाबून धरले की थेट नवी नोंद लिहायला मिळते. संपर्काचे धरले की नवा संपर्क, पत्राचे धरले की नवे पत्र. खिशातून काढल्यापासून नोंद पूर्ण होईपर्यंत किती टप्पे लागतात ते मोजले तर दिनदर्शिकेच्या बाबतीत ई७१ माझ्या हातात नेहमी पुढे राहिला. मुख्य पडद्याची कामाची आणि घरची अशी दोन रूपे ठेवता येत होती. घरी आल्यावर मी ते बदलत असे आणि कामाची पत्रे नजरेआड होत, एवढे सुख पुरेसे होते.

पडद्याबाबत वाद नाही. बोल्डचा ४८० गुणिले ३२०, ई७१चा ३२० गुणिले २४०, म्हणजे बोल्डवर बरोबर दुप्पट ठिपके. अक्षरे छापल्यासारखी दिसतात. मात्र त्या सुंदर पडद्यावर फिरण्यासाठी दिलेला ट्रॅकबॉल, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी गोळी, ही बोल्डची दुखरी बाजू आहे. त्या काळच्या सर्वच ट्रॅकबॉलांत धूळ आणि हाताचा तेलकटपणा साचत असे आणि मग तो एखाद्या दिशेला फिरेनासा होई. ब्लॅकबेरीने २००९मध्ये आपल्या कर्व्ह ८५२० या फोनपासून स्पर्शावर चालणारा ट्रॅकपॅड आणला तो उगाच नव्हे. ई७१चे चार दिशांचे बटण कंटाळवाणे आहे, पण ते अडत नाही.

बाकीचे थोडक्यात. बॅटरी दोन्हींची १५०० मिलिअँपिअर-तासांची आणि दोन्हींची सहज काढता येणारी. एका चार्जवर ई७१ जास्त टिकत असे. बोल्डला नेहमीचे ३.५ मिलिमीटरचे हेडफोन लागतात, ई७१ला २.५चे, आणि त्याचा अडॅप्टर हरवण्यासाठीच जन्माला येतो. बोल्ड यूएसबीवरून चार्ज होतो. ई७१ला बारीक पिनेचा स्वतंत्र चार्जर लागतो, त्याचे यूएसबी फक्त फायली हलवण्यापुरते आहे. कॅमेरा ई७१चा ३.२ मेगापिक्सेलचा आणि बोल्डचा २चा. दोन्हींविषयी अधिक न बोललेले बरे.

आजच्या घडीला इंटरनेटसाठी या दोहोंपैकी एकाचीही आशा धरू नये. ब्लॅकबेरीचे सारे बळ कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये होते. पत्र आले की क्षणात फोनवर ढकलले जाई आणि कडेचा लाल दिवा लुकलुकू लागे. त्या जुन्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाल्या. ई७१ला असा मधला सर्व्हर लागत नव्हता, त्यामुळे तो तत्त्वतः स्वतंत्र आहे, पण त्याचा ब्राउझर आजची सुरक्षा-प्रमाणपत्रे ओळखत नाही आणि बहुतेक संकेतस्थळे उघडण्याआधीच नकार देतात. दोन्हींत फोर-जी नाही, तेव्हा जिथे टू-जी किंवा थ्री-जी शिल्लक आहे तिथेच सिम चालेल. उरते ते टिपणे, दिनदर्शिका आणि गजर. ई७१मधली टिपणे मेमरी कार्डावर किंवा ब्लूटूथने बाहेर काढणे त्यातल्या त्यात सरळ आहे. बोल्डमधली काढायला कंपनीचे जुने डेस्कटॉप सॉफ्टवेअर आणि ते चालणारा संगणक शोधावा लागतो.

म्हणून मित्राला शेवटी ई७१ घे असे सांगितले, जरी मी स्वतः बसून लिहायचे तेव्हा बोल्डच उचलतो. घेताना बॅटरीचे झाकण काढून ती फुगलेली नाही ना हे आधी पाहा, आणि मग नवे टिपण उघडून स्पेस, बॅकस्पेस आणि ई ही तीन बटणे प्रत्येकी वीसदा दाबा. या तिघांवरच सर्वांत जास्त मार बसलेला असतो, आणि त्यांतले एक जरी दोनदा दाबल्यावाचून उमटत नसेल तर तो फोन विकणाऱ्याच्याच हातात परत द्या.