स्पाइसबॉम्ब अपडेट: ऑक्टोबरात तोंडघशी, डिसेंबरात नाद खुळा

मंडळी, स्पाइसबॉम्ब परफ्यूमचा १० मिलीचा डिकँट (मोठ्या बाटलीतनं छोट्या कुपीत काढलेला) आता ४ मिलीवर आलाय, म्हणून हिशोब द्यायला आलोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. व्हिक्टर अँड रॉल्फचा स्पाइसबॉम्ब, २०१२ चा, ऑलिव्हिए पोल्जनं केलेला, बाटली हातबॉम्बसारखी. वर, म्हणजे मारल्या मारल्या येणारे वास, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ), ग्रेपफ्रूट नि पिंक पेपर, मधे दालचिनी, केशर, पाप्रिका, खाली, म्हणजे शेवटपर्यंत उरणारे, तंबाखू, लेदर आणि व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा. पिंक पेपर ही मिरी नव्हेच बरं का, ती काजूच्या कुळातली, म्हणजे काजू पिकवणाऱ्या चंदगडवाल्यांची लांबची पाहुणी.

घोळ इथंच आहे. बाहेरच्या रिव्ह्यूवाल्यांना दालचिनी म्हटलं की ख्रिसमस आठवतो, कोल्हापूरच्या नाकाला तांबडा रस्सा आठवतो. मी पहिल्यांदा मारला तो ऑक्टोबरात दुपारी दोनला, ५ स्प्रे, मानेवर कॉलरवर मनगटावर, आणि तसाच केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसमधे, चढलो रंकाळ्यावरनं. उकाडा, गर्दी, घाम. ग्रेपफ्रूट शाहूपुरी यायच्या आधीच उडून गेलं आणि उरली ती नुसती गोडसर दालचिनी, शेजारच्या काकांनी काही न बोलता खिडकी पुढं सरकवली. घरी आल्यावर आई म्हणाली, "का रं, डंकावर गेलतास काय?" (डंक म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र.)

त्यात तेव्हा नुकती दाढी केलेली, मानेवर लाल चट्टे उठले ते वेगळंच. दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड काहींच्या कातडीला सोसत नाही, मी त्यातला निघालो. तेव्हापासून दाढी केलेल्या जागेवर स्पाइसबॉम्बचा थेंबसुद्धा नाही.

मग हळूहळू जमत गेलं. आता फक्त २ स्प्रे. अंघोळीनंतर अंग पुसून छातीवर जरासं बिनवासाचं व्हॅसलीन, त्यावर एक स्प्रे, दोन मिनिटं वाळू द्यायचा आणि मग बनियन. दुसरा मानेच्या मागं, केसांच्या खाली. मनगटावर मारून घासायची सवय मोडली, लगेच हात धुतो नि वास गटारात जातो, त्यात काय मजा. छातीवरचा मात्र अंगाच्या उबेनं शर्टातनं सावकाश वर येतो, समोरच्याला धक्का बसत नाही. दिवसा ऑफिसला अजिबात नाही, संध्याकाळी सातनंतर. आणि मटणाच्या जेवणाला तर नाहीच, तिथं रश्श्यापुढं कुठलाच परफ्यूम टिकत नाही, उगं पैसे वाया.

खरी मजा गेल्या आठवड्यात पन्हाळ्यावर आली. अंधार पडला, वारं सुटलं, जॅकेट घातलेलं. झिप खाली केली की उबदार भपका, वर केली की गप्प. दोन तासांनी दालचिनी मागं सरली आणि तंबाखू पुढं आला, कोरडा, किंचित गोड, पानपट्टीवरचा नव्हे, नवीन डबा उघडल्यावर येतो तसला, आणि त्याच्या खाली लेदर, पण ते फार बारीक, नाक लावून शोधावं लागतं. परत येताना गंगावेशीत दूध प्यायला थांबलो तर दोस्त म्हणतोय, "भावा, काय मारलाईस रं?" दोन महिन्यांतली ही पहिली दाद. आतल्या स्वेटरला तर दुसऱ्या दिवशीपण वास होता.

एक जाता जाता. आबांचा ओल्ड स्पाइस आठवतो का, लवंग-दालचिनीवाला? पुरुषांसाठीचा तो १९३८ पासून आहे. म्हणजे हा मसाल्याचा नाद काय नवा नाही, स्पाइसबॉम्बनं फक्त साखर नि तंबाखू वाढवला. आफ्टरशेव्ह म्हणून मला आबांचाच अजून जास्त आवडतो, चट्टे उठले तरी.

फुल बॉटल सध्या नाही. उरलेले ४ मिली फेब्रुवारीपर्यंत पुरवायचेत, कारण मार्चात आमच्या गल्लीत चटणीचं कांडप सुरू झालं की संपलं, डंकाशी स्पर्धा कोण करणार.