कुंडीतल्या बुटक्या टोमॅटोची निवड, खानदेशच्या हिशेबाने

जळगाव-भुसावळकडे टोमॅटोला मानवेल असं हवामान असतं ते ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर गेला किंवा रात्री २२-२३ च्या खाली उतरेना, की परागकण निकामी होतात आणि फुलं देठापासून गळतात. उलट रात्री १२-१३ अंशांच्या खाली गेलं की फळधारणा मंदावते, आणि धुळ्याला किंवा तापीकाठच्या गावांत डिसेंबर-जानेवारीत अशा रात्री नेहमीच्याच. म्हणजे हातात असलेले पाच महिनेही पूर्ण कामाचे नाहीत. म्हणून गच्चीसाठी बुटकी जात घेताना उंची नंतर पाहा, आधी विचारा की लावणीपासून पहिलं फळ पिकायला दिवस किती लागतात.

बाजारात ‘ड्वार्फ’ म्हणून जे बी मिळतं, त्यात तीन निरनिराळ्या स्वभावांची झाडं असतात.

पहिली मर्यादित वाढीची. फांदीचा शेंडा फुलांच्या घोसात संपतो आणि तिथे वाढ थांबते. झाड दोन-तीन फुटांचं होतं, फळं महिना-दीड महिन्यात सगळी येऊन जातात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा अर्ली ड्वार्फ’ या गटातली. मेरुती आणि रेड क्लाउड या दोन जातींच्या संकरातून काढलेली, फळ गोल-चपटं, लावणीपासून ७५ ते ८० दिवसांत तोडणीला. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाची ‘पंजाब छुहारा’ही बुटकीच. फळ लांबट, गर जाड, बिया कमी, तोडल्यावर चार दिवस टोपलीत राहिलं तरी मऊ पडत नाही. ‘पुसा सदाबहार’ थंडी आणि गरमी दोन्हीत फळ धरावं म्हणून काढलेली आहे. एप्रिलच्या उन्हात ती चमत्कार करील असं मात्र समजू नका.

दुसरी खरी बुटकी. हिची वाढ बहुधा थांबत नाही, पण दोन पानांमधलं अंतर इतकं कमी असतं की हंगाम संपेपर्यंत झाड तीन-चार फुटांवरच राहतं. खोड अंगठ्याएवढं जाड, पान गडद हिरवं आणि सुरकुतलेलं. अमेरिकेतले क्रेग लेहूलियर आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नस्के स्मॉल यांनी २००५ साली हौशी बागकामवाल्यांना सोबत घेऊन या गटात नव्या जाती काढायला सुरुवात केली. ‘रोझेला पर्पल’, ‘टास्मानियन चॉकलेट’, ‘ड्वार्फ स्वीट सू’ या त्यातल्याच. जांभळट, चॉकलेटी, पिवळी, हिरवीच राहून पिकणारी फळं, आणि चव उंच वाढणाऱ्या जुन्या जातींच्या तोडीची. अडचण दिवसांची आहे. मोठ्या फळाच्या जाती लावणीपासून ७५ ते ९० दिवस घेतात, वर थंडीत पिकणं आणखी लांबतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बी टाकलं, २५-३० दिवसांनी रोप लावलं, तर डिसेंबरअखेर ते जानेवारीत फळ हाताला येतं आणि झाडाला मार्चपर्यंत वेळ मिळतो. तेच बी दिवाळीनंतर टाकलं तर ऐन थंडीत झाड कुडकुडत बसेल आणि बहर येईल तेव्हा ऊन सुरू झालेलं असेल. महागाचं बी मागवून हाती पाच-सहा फळं आली, अशी तक्रार ऐकू आली की आधी पेरणीची तारीख विचारावी.

तिसरी सूक्ष्म बुटकी, म्हणजे मायक्रो ड्वार्फ. सहा ते बारा इंचांचं झाड, फळ चेरीएवढं. ‘मायक्रो टॉम’ फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ मध्ये कुंडीतलं शोभेचं झाड म्हणून काढली. लहान चणीमुळे आज ती जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. शोभेसाठीच काढली असल्याने चव बेताची. ‘टायनी टिम’, ‘रेड रॉबिन’, ‘ऑरेंज हॅट’ यांचंही बी मिळतं. बी टाकल्यापासून साधारण तीन महिन्यांत फळं पिकू लागतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उशीर झाला तरी चालतो. ज्यांच्याकडे फक्त खिडकीची जाळी किंवा ओट्याची कड आहे, त्यांच्यासाठी ही बरी. भाजीचा टोमॅटो हिच्याकडून मागू नये.

खऱ्या बुटक्या जातीच्या रोपवाटिकेत सर्रास एक घोटाळा होतो. आपला हात सवयीने उंच, तरतरीत रोप ठेवतो आणि खुजं रोप उपटतो. इथे नेमकं उलटं करायचं. बुटकेपणाचा गुण अप्रभावी आहे. दोन्ही बाजूंनी आला तरच दिसतो. म्हणून ट्रेमधलं एखादं रोप बाकीच्यांच्या दुप्पट उंच, पातळ आणि सपाट पानांचं दिसलं, तर ते परपरागीकरणातून (दुसऱ्या जातीचे परागकण लागून) आलेलं असतं किंवा बी मिसळलेलं असतं. ते काढा, ठेंगणी ठेवा. पहिल्या खऱ्या पानापासून फरक कळतो.

त्याच सुरकुतलेल्या पानाने दुसरीही गफलत होते. कपाशीच्या मुलखात बोकड्या, म्हणजे पर्णगुच्छ, घरोघरी माहीत आहे. त्यामुळे निरोगी बुटकं झाड पाहून कोणीतरी सांगतं, व्हायरस आला, उपटा. फरक असा: जातीची सुरकुती सगळ्या पानांवर, सगळ्या रोपांवर, सुरुवातीपासून सारखी असते, पान जाड आणि गडद असतं, फुलं नेहमीसारखी लागतात. व्हायरसमध्ये शेंड्याची नवी पानं वर वळतात, लहान राहतात, कडा पिवळ्या पडतात, झाड थबकतं आणि फुलं गळतात. हा रोग पांढरी माशी पसरवते. वेचण्या संपत आल्या, कपाशी वाळली किंवा उपटली की ही माशी आजूबाजूच्या हिरव्याकडे वळते, म्हणजे नेमकी तुमच्या गच्चीकडे. रोपं लावणीपर्यंत बारीक जाळीखाली ठेवा, लावल्यावर दोन-तीन कुंड्यांमागे एक पिवळा चिकट सापळा झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर टांगा, आणि पानांच्या खालच्या बाजूने निंबोळी अर्क पाच टक्के फवारा, संध्याकाळी. लागण झालेलं झाड बरं होत नाही; पिशवीत घालून लगेच काढून टाका. शेत लागूनच असेल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण जास्त भरवशाचा. पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तो तोंड देतो. तो बुटका मात्र नाही. त्याला मोठी कुंडी आणि चांगला आधार लागेल.

कुंडीचं माप: सूक्ष्म बुटक्याला सहा ते आठ इंच, मर्यादित वाढीच्या जातीला १२ इंच (अंदाजे १५ लिटर माती), खऱ्या बुटक्याला १४ इंच. तेलाचा १५ किलोचा डबाही चालतो, पण बुडाला पाच-सहा भोकं पाडा आणि बाहेरून गोणपाट गुंडाळा, नाहीतर फेब्रुवारीअखेर पत्र्याच्या कडेची मुळं भाजतात. स्लॅबवर कुंडी थेट ठेवू नका, खाली दोन विटा.

काळी माती एकटी कुंडीत भरू नये. ओली असताना निचरा होत नाही आणि वाळली की भेगा पडून बारीक मुळं तुटतात. नदीचा पोयटा दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, आणि १२ इंची कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड. काळी मातीच वापरायची असेल तर एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. शेणखत कच्चं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, ही गोष्ट निराळी सांगायला नको.

फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडला की लोक चुन्याची निवळी ओततात. आपल्या बोअरच्या जड पाण्यात चुना बहुधा भरपूर असतो. तो फळापर्यंत पोचत नाही, कारण कुंडी एक दिवस कोरडी आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब. थंडीत दिवसाआड, फेब्रुवारीपासून रोज सकाळी, वरचा एक इंच वाळला की पाणी. मातीवर उसाच्या पाचटाचं किंवा वाळल्या केळीच्या पानांचं आच्छादन दोन इंच. लांबट फळाच्या जातींवर हा डाग जास्त येतो, पाण्याचा नेम नसेल तर गोल फळाची जात घ्या.

छाटणीचं थोडक्यात: मर्यादित वाढीच्या झाडाचे बगलफुटवे काढू नका, तिथेच तुमचा निम्मा माल असतो. खऱ्या बुटक्याची फक्त मातीला टेकणारी पानं काढा. आधाराला तुराटी पुरते, पण जमिनीत जाणारं टोक वाळवी खाते, म्हणून हंगामात एकदा बदला. फळभाराने जाड खोडसुद्धा कलतं.

चार कुंड्यांचीच जागा असेल, तर दोन पुसा अर्ली ड्वार्फ भाजी-चटणीसाठी, एक पंजाब छुहारा आणि एक खरी बुटकी, चवीसाठी. शेवभाजीच्या रश्शात टोमॅटो हवा की नको यावर घरात एकमत नसलं तरी ही वाटणी चालते. पहिल्या दोन जाती दोन टप्प्यांत पेरा, अर्धं बी सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि अर्धं महिन्याअखेरीस, म्हणजे सगळी फळं एकाच आठवड्यात येणार नाहीत.

मार्चमध्ये दुपारचं ऊन अडवायला ५० टक्क्यांचं शेडनेट लावा. असलेली फळं त्याने वाचतात, नवी धरत नाहीत. ३०-३२ अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, म्हणून तेव्हाची फळं पिवळट-नारिंगीच राहतात. रंग फिरू लागला की तोडून घरात सावलीत पिकवा. या तिन्ही जाती संकरित नाहीत, त्यांच्या बियांतून तीच जात उगवते, तेव्हा निरोगी झाडाचं दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं पूर्ण पिकलेलं फळ बियांसाठी राखा. गर-बी वाटीत दोन दिवस आंबवा, धुवा, सावलीत वाळवा आणि पाकिटावर जात व साल लिहून फ्रिजच्या दारात ठेवा.