मडगावात व्हायोलिन की गाणं?

मिरजेच्या आमच्या माणसांना गोवा म्हटलं की समुद्र, मासे आणि गिटार एवढंच आठवतं. मडगावात राहायला आल्यापासून फोनवर एक प्रश्न ठरलेला, ‘काय गं, लेकीला गिटार लावलीस की नाही?’ खरं तर मिरजकरांनी तरी असं विचारू नये. गावात तंबोरे घडतात, दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मोठमोठे गवई हजेरी लावतात, तर मंगेशी कुठं आहे हेही माहीत असायला हवं. गायक दीनानाथ मंगेशकर (जन्म १९००) आणि जितेंद्र अभिषेकी (जन्म १९२९) त्या एका गावातले. गायिका केसरबाई केरकर फोंड्याजवळच्या केरीच्या. मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, साळावली धरणात गेलेलं ते गाव उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अजून वर येतं. आणि या दोघी शिकल्या अल्लादियाखाँसाहेबांकडे, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या दरबारी गवयाकडे.

तरीही संगीत शिकवण्याच्या बाबतीत इथं थोडं परदेशात आल्यासारखं वाटतं, हे कबूल. कारण एकाच गल्लीत दोन अगदी वेगळ्या पद्धतीचे क्लास चालतात. एका घरात पेटी, तबला आणि ‘सा रे ग म’चे पलटे, म्हणजे सूर उलटसुलट म्हणायचा सराव. चार घरं पुढं स्टँडवर कागद, त्यावर पाच रेघा आणि लोंबते ठिपके, आणि दहा वर्षांचं पोर कधी न ऐकलेलं गाणं ते ठिपके बघून थेट वाजवतंय. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना ही लिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हातात देत. पुढं मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येनं शिरले ते याच जोरावर. इथून जवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. पणजीला कांपालच्या कला अकादमीत तर दोन्ही संगीतं एकाच छपराखाली शिकवतात. पण मडगावहून शाळकरी पोराला आठवड्यातून दोनदा पणजीला नेणं नोकरी करणाऱ्या आईला झेपत नाही, म्हणून आम्ही शोध गावातच घेतला.

लेकीनं वाद्य स्वतःच ठरवलं होतं: व्हायोलिन. मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. पण खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो, कारण व्हायोलिन एकच असलं तरी वाजवायच्या तऱ्हा दोन. पाश्चात्त्य शिक्षक मुलाला उभं करतो, वाद्य हनुवटी आणि खांद्यामध्ये धरायला लावतो, तारा जी-डी-ए-ई अशा लावतो. आपल्याकडचा वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं डोकं पायावर टेकवतो आणि तारा सा आणि प यांच्या जोड्यांत मिळवतो. वाद्याचा भार पायावर गेल्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि मींड घ्यायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता जायला, तारेवर सरसर घसरतो. पाश्चात्त्य पद्धतीत तोच हात ठरलेल्या जागा पक्क्या करत बसतो. एकीकडून दुसरीकडे जाता येत नाही असं नाही, पण हाताला लागलेली सवय मोडायला वेळ जातो. म्हणून सुरुवात कुठून करायची हे आधी ठरवलेलं बरं.

माझे स्वतःचे गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षांतले मध्यमेपर्यंतचे पेपर झालेले. त्यामुळे घरच्या सगळ्यांनी गृहीत धरलं की मुलगी आपल्या पद्धतीचंच शिकणार, रियाज आई घेईल. आमच्या आत्यांचं तर स्पष्ट मत होतं, ‘घरात शिकवणारी असताना बाहेर पैसे कशाला घालवायचे?’ आत्या, तुमच्या मुलानं तुमच्याकडून गणित शिकलं होतं का, हे विचारायचं मी टाळलं.

क्लासबद्दल माझं मत इथंच बनलं. शिक्षक आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा भेटतो. उरलेले दिवस मूल घरी एकटं असतं. त्या दिवसांत चूक कोण दाखवणार, यावरून क्लासचा प्रकार ठरवावा. वाद्यावरून, घराण्यावरून किंवा शेजारचा बंटी कुठं जातो यावरून नाही. आपली पद्धत कानावर चालते. गुरुजींनी पलटा गाऊन दाखवला, मुलानं परत म्हटला, आणि घरी गेल्यावर तो कानात टिकला तर टिकला. घरात गाणं ऐकणारं कुणी असेल, किंवा गुरुजी फोनवर ध्वनिमुद्रण करू देत असतील, तर ही पद्धत सुंदर चालते. कागदाच्या पद्धतीत काय वाजवायचं ते समोर लिहिलेलं असतं. मूल आईला न विचारता बसू शकतं. सूर बेसूर झाला तर ते कागद सांगत नाही हे खरं, पण ‘पुढं काय’ हा प्रश्न तरी पडत नाही. माझी लेक माझ्यासमोर तीन पलट्यांत रडकुंडीला यायची. कागद समोर असला की दार लावून घेते आणि वाजवते. मी स्वयंपाकघरातून गंधार (ग) उतरल्याचं ऐकते आणि गप्प बसते. हे गप्प बसणं मला माझ्या मध्यमेपेक्षा अवघड गेलं.

तर ती पाश्चात्त्य व्हायोलिन शिकते. सरांनी पहिल्याच दिवशी तिचा हात मापला आणि अर्ध्या मापाचं वाद्य दिलं. मुलांची व्हायोलिनं एक-षोडशांशपासून पाऊण मापापर्यंत मिळतात, पूर्ण माप साधारण अकरा-बाराव्या वर्षी येतं. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून कुणी मोठं विकत घेत असेल तर नका घेऊ, मनगट वाकडं पडतं.

एकट्यानं की गटात, यावर सगळेच सल्ले देतात. माझं म्हणणं असं की गाण्यासाठी लहान मूल गटात रमतं, लाजरं असेल तर जास्तच. व्हायोलिनला मात्र सुरुवातीला एकास एकच हवं, कारण गज (तारांवर फिरवायची काठी) धरायची पकड प्रत्येक हाताची वेगळी बिघडते. पाऊण तासात आठ मुलं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटंही धड येत नाहीत.

परीक्षांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मिरजेतून ‘कितवी परीक्षा झाली?’ हा दुसरा ठरलेला प्रश्न. आपली प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी तुम्हाला माहीत आहे. इथं त्याच्या जोडीला लंडनच्या परीक्षा चालतात, ट्रिनिटी आणि एबीआरएसएम, पहिल्या ग्रेडपासून आठव्यापर्यंत. त्यात तीन तयार रचना, स्वरसप्तकं आणि त्याशिवाय कानाची परीक्षा किंवा न पाहिलेलं वाचून वाजवणं असले भाग. एबीआरएसएममध्ये सहाव्या ग्रेडपासून पुढच्या वादनाच्या परीक्षेला बसायचं तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिच्या बरोबरीचं काही पास व्हावं लागतं, ट्रिनिटीत तशी अट नाही. पालकांना हे बहुतेक वेळा पाचव्या ग्रेडला कळतं, तेव्हा आधीच विचारून ठेवा. परीक्षेला माझा विरोध नाही. पण वर्षभर त्याच तीन रचना घासून वर्षअखेरीस चौथी वाजवता न येणारी मुलं मी इथं पाहिली, आणि दोन राग तोंडपाठ करून प्रवेशिका काढणारी तिथंही पाहिली होती. आमच्या सरांनी पहिलं वर्ष फॉर्म भरायचा नाही असं सांगितलं, तेव्हाच मला ते आवडले.

मिरजेच्या गुरुजींकडे ऑनलाइन का नाही, असंही काहींनी विचारलं. मी स्वतः त्यांच्याकडे ऑनलाइन गाते, म्हणून सांगते. आवाज पोचायला जरा उशीर होतो, त्यामुळे दोघांनी एकत्र गाणं किंवा ठेक्यावर गाणं जमतच नाही. आणि तंबोऱ्याचा सलग नाद झूमला पंख्याची घरघर वाटते आणि ते तो पुसून टाकतं! सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं की थांबतं. मोठ्या, आधी शिकलेल्या माणसाला हे पुरतं. नऊ वर्षांच्या मुलीची गजावरची बोटं पडद्यावरून सरळ करता येत नाहीत.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. जूनपासून इथल्या हवेत एवढी ओल असते की व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडकतात, डिंकाचे सांधे सुटायची भीती असते, आणि तबला तर चढतच नाही. व्हायोलिनच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, तरी सर शिकवायला आले की आधी खुंटीशी झटापट असतेच.

यंदा तिच्या डोक्यात नवीन खूळ शिरलंय. चवथीला शेजारच्या घरी घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळ्यांवर (मोठ्या झांजांवर) आरत्या होतात, आपल्याच मराठी आरत्या, पण चाल आणि ठेका असा की बसल्या जागी अंग हलायला लागतं. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, त्यावर बंदी आल्यावर आता बकऱ्याचं लावतात. २०१९ साली गोवा सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. आमच्या गल्लीत तरी ते शिकायला क्लास नाही, फी नाही. मोठ्यांच्या मागं बसायचं आणि वाजवायचं. लेक महिनाभर आधीपासून तिथं जाऊन बसते. व्हायोलिनच्या सरांना मी भीत भीत विचारलं, चालेल ना? म्हणाले, ‘बोटं सांभाळ म्हणावं. बाकी ताल तिथंच पक्का झाला तर माझं काम कमी.’