जगबुडीची यादी

जग बुडायचंच असेल तर घरात काय काय भरून ठेवावं, यावर आमच्या घरात चार मतं आहेत. माणसंही चारच.

विषय काढला लेकीनं. स्वीडनच्या सरकारनं २०२४ च्या नोव्हेंबरात घरोघरी एक पुस्तिका पाठवली: संकट आलं, युद्ध पेटलं तर काय करायचं, घरात काय ठेवायचं. पाठोपाठ २०२५ च्या मार्चात युरोपियन युनियननं आपल्या लोकांना सांगितलं की निदान ७२ तास कुणाच्या मदतीवाचून निभेल एवढं सामान जवळ असू द्या. त्यांच्या आयुक्त हाज्जा लाबिब यांनी तर स्वतःची पिशवी उघडून एकेक वस्तू दाखवणारा व्हिडिओ केला. पाणी, डबाबंद मासे, टॉर्च, छोटा रेडिओ, रोख पैसे, पाणी लागणार नाही अशा पाकिटात कागदपत्रं आणि वेळ जावा म्हणून पत्त्यांचा जोड. लेकीनं हे सगळं जेवताना वाचून दाखवलं. पत्त्यांना आईनं मान डोलावली. मग विचारलं, "बहात्तर तास म्हणजे किती गो?"

"तीन दिवस, आजी."

"तीन दिवसांची यादी कशाला करायची?"

आईचं जग पुरुमेंताचं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. ती करायची मे महिन्यात. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला सगळे पुरुमेंताचं फेस्तच म्हणतात, कारण देवाच्या निमित्तानं तिथं सुकी मासळी, कांद्याच्या माळा, मिरच्या, चिंच, गूळ यांचा बाजार भरतो. आम्ही फोंड्याकडचे. आमचं निम्मं सामान म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून यायचं, उरलेलं घरच्या अंगणात तयार व्हायचं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, तेव्हा सुके बांगडे आणि गालमो, म्हणजे सुका जवळा, हवेतच. हे नसेल तर आषाढात ताटाकडे बघवत नाही.

अंगणातल्या कामात सगळ्यात खटपटीचं काम सोलांचं, म्हणजे आमसुलांचं. रातांबे फोडायचे, बी आणि गर वेगळा काढायचा, मीठ घालून रस सुटू द्यायचा. साली उन्हात पसरायच्या. संध्याकाळी उचलून पुन्हा त्याच रसात बुडवायच्या आणि सकाळी परत उन्हात. साल काळी, मऊ, चिकट होईपर्यंत हा फेरा चालतो. या दिवसांत आईचे हात मनगटापर्यंत जांभळट लाल असतात आणि त्या हातांनी ती कुणालाही अंगणातून चप्पल घालून जाऊ देत नाही. फणसाच्या आठळ्या, म्हणजे आमची बिकणां, तांबड्या मातीत घोळवून सुकवायची आणि कोपऱ्यात ढीग करायचा. चेपणीच्या कैऱ्या मिठात. न्हाणीघराच्या मागं सोडणं (नारळाची सुकी सालं), करवंट्या, चुडतं (माडाच्या झावळ्या). चूल जाऊन कैक वर्षं झाली, तरी आंघोळीचं पाणी आमच्याकडे सोडणांवरच तापतं, निदान आई बघत असेपर्यंत.

शिकागोचे अणुशास्त्रज्ञ १९४७ पासून प्रलयाचं एक घड्याळ चालवतात. २०२५ च्या जानेवारीत त्यांनी काटा मध्यरात्रीच्या, म्हणजे प्रलयाच्या, ८९ सेकंद अलीकडे आणून ठेवला. आमच्या प्रलयाला घड्याळ लागत नाही. तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाणी ओततो आणि चतुर्थीच्या आसपास सौम्य होतो. असा वक्तशीर प्रलय लाभलेल्या माणसाला बाकीचे प्रलय थोडे अघळपघळ वाटतात.

तरीही लेकीच्या आग्रहानं मी माळ्यावर चढलो. यादीतलं काय काय आधीच घरात आहे ते बघू म्हटलं. तिथं जे दिसलं त्याला सामान म्हणता येत नाही, तो इतिहास होता. सगळ्यात पुढं दहा-दहा लिटरचे प्लास्टिकचे कॅन. हे २०१९ च्या ऑगस्टातले. खांडेपारला मोठी जलवाहिनी फुटली, फोंडा आणि तिसवाडीतले नळ कितीतरी दिवस कोरडे पडले, आणि बाहेर छपरावरून पाणी धो धो वाहत होतं. बायकोनं त्या आठवड्यात मिळतील तेवढे कॅन आणले. त्यामागं सॅनिटायझरच्या बाटल्या आणि कापडी मास्क, २०२०. त्यामागं मेणबत्त्यांचे पुडे आणि बॅटरी फुगून पोट सुटलेले दोन इमर्जन्सी दिवे, २०२१ चं तौक्ते वादळ. सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून, काच नसलेला कंदील आणि पितळी पंप गंजलेली पेट्रोमॅक्स बत्ती. त्यांचं संकट कुठलं होतं हे सांगणारे आता कुणी नाहीत.

आणि यातली एकही वस्तू पुढच्या संकटाच्या कामी आलेली नाही. कॅन भरून ठेवले, आणि लॉकडाऊनमध्ये नळाला छान पाणी होतं. सॅनिटायझर साठवला, आणि वादळानं वीज नेली. तो पेट घेतो म्हणतात, पण त्याचा दिवा करायची छाती कुणाची होईना. मेणबत्त्या आणल्या, तेव्हापासून तसं वादळच नाही. आपली सगळी शहाणी तयारी होऊन गेलेल्या संकटाची असते. ते संकट पुन्हा आलं तर मात्र आपण त्याला चांगलाच धडा शिकवू.

खरी गंमत लॉकडाऊनची. २२ मार्चचा जनता कर्फ्यू गोव्यात पुढं लांबला आणि पहिले काही दिवस किराण्याची दुकानंही उघडेनात. शहरातले नातलग फोन करून म्हणत, तुम्हाला काय, तुमचं घर भरलेलं! पण मार्च म्हणजे पुरुमेंताचा तळ. गेल्या मेमधलं सगळं चतुर्थी-दिवाळीपर्यंत उडालेलं, नवं भरायला अजून दोन महिने. बरणीत हात घातला तर मिठाचा खडा आणि एखादं सोल. वर्षभर बेगमी करणारी बाई नेमकी त्या महिन्यात सापडली. आई आठवडाभर धुसफुसत होती. "यायचं होतं तर जूनमध्ये यायचं," हे ती त्या विषाणूला उद्देशून म्हणाली. मग कोवळा फणस, शेवग्याचा पाला, कैरीचं सासव यांवर दिवस काढले. शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून कुळीथ दिले, आम्ही नारळ दिले, आणि मधे दोन हातांचं अंतर राहावं म्हणून भांडं काठीला अडकवून सरकवलं. युरोपच्या पिशवीत शेजारीण नाही. बसत नसावी.

तौक्ते आलं १६ मेला, रविवारी, ऐन सोलांच्या दिवसांत. झाडं तारांवर पडली, वीज गेली आणि कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस आली नाही. फोन मेले. लेकीची अवस्था बघवत नव्हती. तिचं पॉवर बँकेचं तत्त्वज्ञान तेव्हापासूनचं. आई त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात अर्धवट सुकलेल्या साली हातात घेऊन प्रत्येकीचा वास घेत होती, बुरशीची कुठली आणि वाचेल अशी कुठली. बाहेर माड करकरत होते. तिला विचारलं असतं तर तिनं वादळ किती मोठं होतं हे सोलांच्या हिशेबात सांगितलं असतं.

बाकी जग बुडण्याचा आईला चांगला अनुभव आहे. १९६१ च्या डिसेंबरात ती शाळकरी होती. १८-१९ तारखेला भारतीय सैन्य आलं, पोर्तुगीजांनी पळता पळता पूल उडवले, आणि साडेचारशे वर्षांचं राज्य दोन दिवसांत आटोपलं. लोकांचा श्वास खाली बसतो न बसतो तोच फेब्रुवारी आला, ३ ते ५ तारखेची अष्टग्रही घेऊन. आठ ग्रह मकर राशीत एकत्र, जग संपणार म्हणून देशभर यज्ञ, होम, नामस्मरण. आईच्या काकांचं म्हणणं असं की महिना-दीड महिन्यात दोनदा जग संपवायचं म्हणजे देवाची थट्टाच चालली आहे. आजीनं मात्र त्या तीन दिवसांत पोरांना तिन्ही त्रिकाळ गोडाचं घातलं. उरवून काय करायचं, हा हिशेब. ६ तारखेला पुन्हा पेज.

स्कायलॅब मला स्वतःला आठवते. १९७९ चा जुलै, मी तिसरी-चौथीत. अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा कुठंतरी डोक्यावर पडणार होती, आणि नेमकं कुठं हे अमेरिकेलाही सांगता येत नव्हतं. आमच्या वाड्यावरच्या एका काकांनी आदल्या दिवशी आपला झुंजीचा कोंबडा कापून खाल्ला. स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. काका पुढं कितीतरी वर्षं त्या कोंबड्याबद्दल हळहळत. अमेरिकेचं नाव काढलं तरी थुंकत.

आणि त्याआधीची नाकेबंदी. १९५५ पासून भारतानं गोव्याची आर्थिक कोंडी केली. आता कोंडी म्हटली की माणसं पाला खाऊन जगली असं ऐकायची आपली तयारी असते. पण त्या काळाबद्दल आई सांगते ती हॉलंडच्या बटाट्यांची गोष्ट. घाटावरचं बंद झालं म्हणून बोटीनं परदेशचं यायला लागलं: बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. तसे बटाटे पुन्हा मिळाले नाहीत, असं ती अजून म्हणते. मुक्तीबद्दल तिची तेवढीच तक्रार.

या सगळ्यांपेक्षा जुनी यादी आपल्या पुराणात आहे. मत्स्यावतारात मासा राजाला सांगतो की नाव येईल, तीत सगळ्या वनस्पती घे, सगळी बीजं घे आणि सप्तर्षींना घेऊन बस. बांधायला दोर म्हणून वासुकी. एवढंच. टॉर्च नाही, की डबाबंद मासे नाहीत (मासा स्वतःच यादी सांगतोय म्हटल्यावर ते बरोबरच). बहात्तर तास तग कसा धरायचा याचा त्यात विचारच नाही, पाणी ओसरल्यावर काय पेरायचं याचा आहे. आमच्या माळ्यावर मेणबत्त्यांच्या शेजारी राखेत ठेवलेली तवशाची, दोडक्याची, भेंड्याची बी होती, जुन्या कॅलेंडरच्या कागदात पुड्या बांधून. त्या मात्र दर मेमध्ये खाली येतात, पहिल्या पावसाला परसात जातात आणि नव्या पुड्या वर येतात. माळ्यावरची शिळी न होणारी वस्तू तेवढीच. सप्तर्षींची सोय अजून झालेली नाही.

तर मतं चार. लेकीला पॉवर बँक आणि सौर चार्जर हवा. बायकोचं म्हणणं, भरलेला जादा सिलिंडर असला की बाकी सगळं सुचतं. मला रेडिओ हवा, कारण जग बुडत असताना बातम्या ऐकल्यावाचून मला राहवणार नाही. आईला मे महिना हवा.

एकमत झालं ते फक्त कागदपत्रांवर. आमचे कागद एका पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. वर एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या नोंदीचे, उतारे, खाली घरपट्टीच्या पावत्या आणि तळाशी पोर्तुगीजमधले शिक्के मारलेले पिवळे कागद, जे वाचणारं घरात कुणी नाही आणि फेकायची कुणाची हिंमत नाही. घर वडिलोपार्जित. गोव्यात वारसाहक्काला अजून पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा आहे, तो कायदा १८६७ चा. वाटण्या न झाल्यामुळे आमच्या या घराला पणजोबांपासूनचे इतके वाटेकरी आहेत की छप्पर शाकारायचं म्हटलं तरी मुंबई, बेळगाव आणि लिस्बनला फोन जातात. एक चुलतभाऊ तर दर चतुर्थीला येतो, आरती करतो, मोदक खातो आणि जाताना पाठची भिंत पावलांनी मोजून जातो.

लेकीनं पाणी न लागणारं पाकीट मागवलं. आईनं स्वतः बसून कागद लावले, पिवळे सगळ्यात आत. मी सहज म्हटलं, "अगो आई, जगच बुडालं तर हे घर आपलं आहे म्हणून दाखवायचं कुणाला?"

"तुझ्या काकाच्या पोराला," आई म्हणाली. "तो काही बुडत नाही."