चतुर्थीच्या सुटीत म्हादईचे मध्यम पाणी

पत्नीचे माहेर सत्तरी तालुक्यात असल्यामुळे आमची गोव्याची सुटी किनाऱ्यापेक्षा वाळपईच्या आसपासच अधिक जाते, आणि तीही डिसेंबरात नव्हे, तर चतुर्थीला. कायाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, चालवायला मी कोलाडला कुंडलिका नदीवर शिकलो. उलटलेली कायाक पाण्यातच पुन्हा सरळ करण्याचा रोल मला दहापैकी सहा-सात वेळा साधतो, म्हणजे माझी तयारी बेताचीच आहे. त्यामुळे अंगावर येणार नाही, कंटाळाही आणणार नाही आणि घरच्यांचा अख्खा दिवस खाणार नाही, असे खळाळते पाणी मी सुटीत शोधत असतो.

गोव्यात कायाक म्हटले की लोक चोडणच्या खारफुटीतील संथ फेरी किंवा पाळोळ्याचा समुद्र सांगतात. खारफुटीत भरती-ओहोटीची वेळ सांभाळली की झाले. मुलांना ते फार आवडते, पण तिथे खळाळ नाही. समुद्र तर पावसाळ्यात खवळलेलाच असतो. खळाळ हवा असेल तर सत्तरीत यावे लागते, आणि पावसातच यावे लागते. बेळगाव जिल्ह्यातील भीमगडच्या रानात देगावजवळ उगम पावून म्हादई नदी घाट उतरते व सत्तरीत येते. तिच्या मुख्य प्रवाहावर मोठे धरण नसल्याने पाणी कोणी सोडायचे किंवा अडवायचे असा प्रश्नच येत नाही. घाटात पाऊस किती पडला, एवढाच हिशेब असतो. डिसेंबरात त्याच पात्रात खडक उघडे पडलेले दिसतात, म्हणून नाताळच्या सुटीत इथे कायाक आणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

उस्ते ते सोनाळ हा सुमारे 10 किलोमीटरचा टप्पा 2012 पासून पावसाळी राफ्टिंगमुळे, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतील (राफ्टमधील) सफरीमुळे, ओळखीचा झाला आहे. त्याची श्रेणी दोन ते तीन सांगितली जाते. नद्यांच्या अवघडपणाच्या एक ते सहा या श्रेणींत दुसरी म्हणजे रुंद, मोकळी वाट आणि समोरून सहज ओळखता येणारे रॅपिड, म्हणजे खळाळते उतार. तिसरीत लाटा अनियमित होतात आणि अरुंद जागेतून नेमके वळण घ्यावे लागते. मात्र हा आकडा कायमचा कोरलेला नसतो. दोन दिवस उघडीप मिळाली की हीच नदी खडकांच्या चक्रव्यूहासारखी होते, आणि रात्रभर घाटात धो धो पाऊस झाला की खडक बुडतात, थांबायच्या जागा नाहीशा होतात आणि पाणी झाडांच्या बुंध्यांतून वाहू लागते. नवख्याला हे दुसरे रूप सपाट, म्हणून सोपे वाटते, आणि तेच फसवे असते.

म्हणून आम्ही पोहोचताच मी मेहुण्यांना घेऊन पुलावर गेलो. ते कायाकमध्ये कधी बसलेले नाहीत, पण पाण्याची पातळी माझ्यापेक्षा त्यांना अधिक कळते. काठच्या एका खडकाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "भावोजी, तो काळा पाट दिसतोय ना? तो बुडाला की आम्ही गुरंसुद्धा पलीकडे नेत नाही." तो खडक त्या दिवशी हातभर वर होता. मी जाणकार राफ्टिंग गाइडलाही विचारले. त्यांचे आणि मेहुण्यांचे उत्तर जुळले, तेव्हाच ठरवले.

दुसऱ्या दिवशी पत्नी आणि मोठी मुलगी राफ्टमध्ये, आणि मी गाइडच्या परवानगीने मागोमाग कायाकमध्ये, अशी आमची विभागणी झाली. धाकट्याचे वय अटीत बसत नसल्याने तो आजोबांबरोबर माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या सजावटीची, फळे गोळा करायला गेला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. एकट्याने नदीत उतरण्यापेक्षा राफ्टच्या सोबत जाण्यात मोठा फायदा असतो: उलटलात तर वर ओढायला माणसे असतात आणि गाडी कुठे ठेवायची, हा प्रश्न आधीच सुटलेला असतो. बहुतेक रॅपिडमध्ये लाटांच्या मधल्या रांगेतून वल्हे मारत राहणे पुरेसे होते. एका ठिकाणी मात्र प्रवाह डावीकडच्या खडकावर आदळून उजवीकडे वळत होता. मी उशिरा वळलो, खडकाला कूस लागली आणि कायाक उलटली. रोल दुसऱ्या प्रयत्नात जमला, पण तेवढ्यात बरेच पाणी नाकातोंडात गेले होते. खडकामागच्या संथ पाण्यात थांबून मी श्वास सावरत होतो, तेव्हा मुलगी राफ्टमधून हसत होती.

घसरलेल्या वळणापेक्षा मला दोनच गोष्टींची खरी भीती वाटते. एक म्हणजे पात्रात अडकलेले झाड: पाणी फांद्यांतून निघून जाते, पण माणूस अडकतो. दुसरी म्हणजे बंधारा. गोव्यातील वसंत बंधाऱ्यांच्या, म्हणजे फळ्या लावून पाणी अडवणाऱ्या छोट्या बंधाऱ्यांच्या, फळ्या पावसाळ्याआधी काढल्या जातात, तरी खांब उभेच असतात. शिवाय जिथे पाणी बांधावरून एकसारखे कोसळते, तिथे खाली ते उलटे फिरून कायाकला पुन्हा भिंतीकडे खेचते. वरून हे इतके गुळगुळीत दिसते की मुले त्याला घसरगुंडी म्हणतात. अशी जागा दिसली की मी कायाक खांद्यावर घेऊन काठाने चालत जातो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

तिसऱ्या दिवसासाठी मी परत एक फेरी ठरवली होती. पहाटे मेहुण्यांनी उठवले आणि आम्ही छत्री घेऊन पुलावर गेलो. काळा पाट दिसत नव्हता, आणि पाणी तांबड्या मातीच्या रंगाचे झाले होते. घरी येऊन मी कायाक पडवीत उलटी ठेवली, आणि धाकट्याला घेऊन सत्तरीतल्याच ब्रह्मकरमळीच्या ब्रह्मदेवाच्या देवळात गेलो, कारण त्याच्याशी समेट करणे बाकी होते.